पहिलं बाळंतपण माहेरी: डोहाळे जेवणाच्या दिवशीच ठरवून घ्यायच्या गोष्टी

पहिलटकरणीनं बाळंतपणाला माहेरी जायचं, ही चाल महाराष्ट्रात गावोगावी टिकून आहे आणि ती टिकावी अशीच आहे. आईच्या हातचं खाणं, मनासारखी झोप आणि दुखलं तर संकोच न करता सांगता येणं, हे सगळं तिथं मिळतं. अडचण दुसरीकडे आहे. गरोदरपणाची नोंद होते सासरच्या उपकेंद्रात, तपासण्या होतात तिथल्या तालुक्याला आणि बाळंतपण होतं वेगळ्याच जिल्ह्यात. ऐन वेळी निर्णय देणारी माणसं एका गावात असतात आणि कळा सोसणारी दुसऱ्या. कागद, गोळ्या, पैसा आणि होकार या चारही गोष्टी नेमक्या याच सांध्यावर निसटतात.

बाळंतपणाआधी दोन्ही घरची मोठी माणसं एका छताखाली भेटतात ती बहुधा एकदाच, सातव्या महिन्यातल्या डोहाळे जेवणाला. ओटी भरून झाली, जेवणं उरकली की अर्धा तास बसा. सासू, आई, नवरा, वडील आणि स्वतः ती, एवढी माणसं पुरेत. तिला आत पाठवून बाहेर ठरवू नका. खाली दिलेलं सगळं त्या अर्ध्या तासात बोलून घ्यायचं आहे.

आधी महिन्यांचा हिशेब एक करा

घरात महिने मोजतात, दवाखान्यात आठवडे. ‘सातवा लागला’ म्हणजे साधारण 26 ते 27 आठवडे, ‘सातवा सरला’ म्हणजे 30 च्या पुढे. एकाच वाक्याचे दोन घरांत दोन अर्थ होतात आणि त्यात महिनाभराचा फरक पडू शकतो. म्हणून तारीख धरा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस आणि नऊ महिने मिळवायचे. पाळी 10 जूनला आली असेल तर अंदाजे तारीख 17 मार्च. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख खरी मानावी. ही तारीख दोन्ही घरच्या कॅलेंडरवर लिहा. तिच्या आधीचे आणि नंतरचे दोन आठवडे ‘कधीही’ असे समजायचे.

प्रवास कधी करायचा? बहुतेक घरांत सातव्यात किंवा नवव्यात पाठवतात, आठव्यात नाही. आमचा आग्रह सातव्याचा आहे आणि त्याला कारण आहे. 28 ते 30 आठवड्यांत ती माहेरी पोचली तर तिथल्या डॉक्टरांना किमान दोन-तीन वेळा तिला तपासता येतं. नवव्यात गेलेली बाई अनेकदा तिथल्या दवाखान्यात पहिल्यांदा पोचते ती कळा सुरू झाल्यावरच. निघण्याआधीच्या आठवड्यात रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवी तपासून घ्या. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त असेल, अंगावरून रक्त जात असेल, जुळं असेल किंवा वार खाली असल्याचं सांगितलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. अशा वेळी आईनंच लेकीकडे येऊन राहिलेलं चांगलं. चाल मोडली असं कुणाला वाटत असेल तर सरळ सांगा की यंदा माहेर सासरी आलं.

फाइल: एकही कागद मागे ठेवायचा नाही

प्लॅस्टिकची एक पिशवी करा आणि ती तिच्याजवळच राहू द्या. नवऱ्याच्या कपाटात नको. तिच्यात हे असावं:

- माता बाल संरक्षण कार्ड, त्यावर आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) नोंदणी क्रमांक लिहिलेला आहे ना ते पाहून
- रक्तगटाचा कागद
- सगळ्या सोनोग्राफींचे अहवाल, विशेषतः 18 ते 20 आठवड्यांचा
- हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिसच्या तपासण्यांचे अहवाल
- धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या तारखा
- आधार कार्ड, रेशन कार्ड आणि तिच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक

रक्तगट ‘निगेटिव्ह’ आणि नवऱ्याचा ‘पॉझिटिव्ह’ असेल तर तो कागद सर्वांत वर ठेवा. अँटी-डी नावाचं इंजेक्शन 28 व्या आठवड्याच्या सुमारास देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत पुन्हा द्यावं लागतं. हे पहिल्या बाळापेक्षा दुसऱ्या बाळासाठी असतं, म्हणून ‘आता तर सगळं ठीक झालं’ म्हणून ते राहून जातं. छोट्या दवाखान्यात ते असेलच असं नाही, आधी चौकशी करा.

साखरेच्या तपासणीत 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. आकडा 140 किंवा वर असेल तर ती गरोदरपणातली साखर. 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यानची ही तपासणी नेमकी सामान बांधण्याच्या गडबडीत सुटते.

नावाचा घोळ आधीच निस्तरा. आधारवर माहेरचं आडनाव, कार्डावर सासरचं, पासबुकवर तिसरंच काहीतरी, असं असलं की प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे अडकतात. पहिल्या बाळासाठी या योजनेत दोन हप्त्यांत 5000 रुपये मिळतात आणि दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद व पहिल्या लसी झाल्यावरच येतो. खातं तिच्याच नावाचं आणि आधारशी जोडलेलं लागतं.

फाइलबरोबर दोन फोन नंबर: सासरच्या आशाताईंचा आणि माहेरच्या आशाताईंचा. त्या दोघींचं एकमेकींशी एकदा बोलणं करून द्या. एवढा एक फोन झाला नाही की बाई सासरच्या यादीत ‘स्थलांतरित’ होते आणि माहेरच्या यादीत तिचं नावच नसतं. मग बाळंतपणानंतर घरी कुणी फिरकत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हेच आणखी कठीण होतं, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत घर ना सासरी असतं ना माहेरी. त्यांनी फाइल कोपीवर, म्हणजे तोडीच्या जागेच्या झोपडीवर, न्यावी, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन नाव घालावं. सरकारी दवाखान्यातली मोफत सेवा कुठल्या जिल्ह्याची बाई आहे यावर ठरत नाही.

होकार आगाऊ घेऊन ठेवा

बाळंतपणात माता दगावते तेव्हा मागे पाहिलं तर तीन उशीर सापडतात: घरात निर्णयाला झालेला, वाटेत झालेला आणि दवाखान्यात झालेला. माहेरच्या बाळंतपणात पहिला उशीर वाढतो. रात्री दोनला पाणी गेलं. आई म्हणते, जावईबापूंना विचारल्याशिवाय कसं न्यायचं? जावई म्हणतो, दादांना विचारतो. दादांचा फोन बंद. यात कुणीच वाईट नाही, प्रत्येकजण दुसऱ्याचा मान राखतोय, आणि तास निघून जातो.

म्हणून डोहाळे जेवणाला सासूबाईंनी किंवा सासऱ्यांनी सगळ्यांसमोर बोलायचं: “त्रास झाला तर आम्हाला न विचारता न्या, सिझर लागलं तर करा, नंतर कळवा.” हे वाक्य त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे. सून किंवा तिची आई मागून घेईल तर तो अविश्वास वाटतो. नवऱ्यानं आदल्या दिवशी आपल्या आईशी बोलून ठेवावं, हे काम त्याचंच आहे.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. अठरा वर्षांवरच्या, शुद्धीवर असलेल्या बाईची स्वतःची सही शस्त्रक्रियेला पुरते. दवाखाने नातेवाइकाची सही मागतात तो रिवाज आहे. नवरा आलेला नाही म्हणून सिझर थांबवून ठेवण्याचं कारण नाही.

खर्चाचं आणखी नाजूक. ‘पहिलं बाळंतपण माहेरच्यांनी करायचं’ म्हणजे बिलही त्यांनीच भरायचं, अशी समजूत असते. परिणाम असा की वडील पैशाची जुळवाजुळव करेपर्यंत मोठ्या दवाखान्यात हलवायला कचरतात, किंवा ‘व्याह्यांपुढे कमीपणा नको’ म्हणून ऐपत नसताना खासगीत नेतात आणि कर्ज काढतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, 2011 पासून, सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, दवाखान्यातलं जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. गाडीसाठी 102, तातडीचं असेल तर 108. खासगीत जायचंच ठरलं तर सिझरसकट किती खर्च येईल ते आधी विचारा, आणि निम्मा वाटा सासरकडून आजच कबूल करून घ्या. मूल दोन्ही घरांचं आहे.

मग नावं लिहा. दवाखान्यात सोबत कोण जाणार, रक्त लागलं तर कोणते दोघं देणार, रात्री गाडी कुणाची. आणि दोन दवाखाने ठरवा, एक साध्या बाळंतपणाचा आणि दुसरा जिथे रात्रीही सिझर होतं आणि रक्त मिळतं.

ही लक्षणं आईला पाठ हवीत, कारण बघणार तीच आहे:

- कितीही थोडं अंगावरून रक्त जाणं
- थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज
- झटके
- ताप, किंवा कळा नसताना पाणी जाणं
- बाळाची हालचाल मंदावणं. जेवून डाव्या कुशीवर दोन तास पडून मोजा, दहापेक्षा कमी वाटल्या तर निघा

पाय सुजणं पुष्कळ जणींना होतं, त्यावर घरात कुणी घाबरत नाही. तोंडावरची सूज मात्र ‘अंग भरलं, तेज आलं’ म्हणून कौतुकात जाते. डोकेदुखीबरोबर अशी सूज आली तर त्याच दिवशी रक्तदाब मोजा.

मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर घरची माणसं दवाखानाच टाळतात, कारण पोलिसांत कळवलं जातं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, म्हणजे ही गोष्ट विरळ नाही. तरीही लपवून घरी बाळंतपण करणं हा त्या मुलीच्या जिवाशी खेळ आहे. रक्तदाब वाढणं, रक्त कमी असणं, बाळ अडणं, वेळेआधी बाळंत होणं, हे सगळे धोके तिला जास्त असतात. दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. तिला न्याच.

ताटातलं काय काढतात आणि काय ठेवावं

‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, सुटका अवघड जाईल’ ही समजूत आठव्या-नवव्या महिन्यात तिचं ताट निम्मं करते. बाळ अडतं ते त्याच्या आडव्या-पायाळू असण्यानं, कटिर (बाळ बाहेर येण्याची हाडांची वाट) लहान असल्यानं किंवा साखर वाढून ते फार मोठं झाल्यानं. आईला अर्धपोटी ठेवल्यानं सुटका सोपी होत नाही. होतं ते एवढंच की बाळ अडीच किलोच्या आत जन्मतं, त्याला ऊब धरून ठेवता येत नाही आणि ओढून प्यायची ताकद नसते.

पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा होती त्यांची बाळं जन्मतः अधिक भरलेली होती. आता आपल्याकडे ‘उष्ण’, ‘वातूळ’, ‘बाधतं’ म्हणून काय काय काढतात ते आठवा: पपई, शेवगा, अंडी, तीळ, कितीतरी पालेभाज्या. कच्ची पपई टाळायची असेल तर टाळा, तिच्या चिकामुळे तसा सल्ला डॉक्टरही देतात. पण बाकीच्या यादीत लोह आणि प्रथिनं आहेत. सासूबाईंशी ‘हे सगळं खोटं आहे’ असं भांडू नका. एकेक पदार्थ काढला की त्याच्या बदल्यात काय घालायचं ते विचारा. अंडं नको? मग रोज वाटीभर जाड वरण आणि उसळ. शेवग्याची पानं नकोत? मग चवळई, माठ किंवा मेथी. बदली देणाऱ्या सासूबाई पुष्कळ असतात, त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

दुसऱ्या तिमाहीपासून तिला रोज साधारण 350 उष्मांक जास्त लागतात. ताटाच्या भाषेत दोन वेळच्या जेवणाखेरीज एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती कधी जेवते. सगळ्यांचं झाल्यावर जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाकरी उरते, कालवण उरत नाही. सासरी असेपर्यंत तिचं पान पहिल्या पंगतीला मांडा. घरात हे कुणी सुरू करायचं तर सासऱ्यांनी. त्यांनी ‘सूनबाईचं पान वाढा’ म्हटलं की वाद उरत नाही.

उपास: हरतालिकेचा निर्जळी उपास गरोदरपणात करू नये. पूजा करावी, कथा ऐकावी, उपास नवऱ्यानं धरावा. नवरात्रात, एकादशीला साबुदाण्यावर दिवस काढण्यापेक्षा राजगिरा, शेंगदाणे, दूध, दही, फळं घ्यावीत आणि चार तासांहून जास्त पोट रिकामं ठेवू नये. ग्रहणाचे वेध पाळणाऱ्या घरांत तिला बारा बारा तास अन्नपाण्यावाचून एका जागी बसवतात. तिनं खोलीत बसावं, हरकत नाही. पण पाण्याचा तांब्या आणि डबा जवळ असू द्या. शास्त्र सांगणारेही गरोदर बाईला, लहान मुलांना आणि आजाऱ्यांना सूट देतातच. रमजानमध्येही गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज्यातून सवलत आहे.

गोळ्या. दुसऱ्या तिमाहीपासून लोहाची एक गोळी रोज, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर दोन, सातच्या खाली असेल तर दवाखान्यात दाखल व्हायचं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या गरोदर स्त्रियांपैकी 45.7 टक्के जणींना रक्तक्षय होता, म्हणजे जवळजवळ दर दुसरी. कॅल्शियम 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, म्हणून कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणानंतर, लोह रात्री लिंबूपाण्याबरोबर. चहा त्याच्या आधी-नंतर तासभर नको. शौचाला काळं होतं, मळमळतं, तोंडाची चव जाते, हे सगळं खरं आहे. ‘गोळीनं पोर काळं होतं’ हे मात्र खोटं. 28 व्या आठवड्यात माहेरी जाणाऱ्या बाईच्या पिशवीत लोहाच्या 90 आणि कॅल्शियमच्या 180 गोळ्या मोजून टाका. नव्या गावात पहिल्याच आठवड्यात गोळ्या मिळतील या भरवशावर राहू नका.

बाळ झाल्यावरचा पहिला दिवस

जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर लावायचं. सिझर असलं तरी. 2019-21 च्या त्याच सर्वेक्षणात देशभरात ही गोष्ट 41.8 टक्के बाळांच्याच वाट्याला आली होती, आणि यातलं बरंचसं घरच्यांच्या हातात असतं.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. पिवळसर, दाट, आणि थोडा. थोडा असणं हेच बरोबर आहे, कारण पहिल्या दिवशी बाळाचं पोट एका वेळी चमचाभरानं भरतं. खोलीत बसलेल्या चार बायका ‘दूधच येत नाही’ म्हणतात तेव्हा दूध येण्याची वेळच झालेली नसते. ते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं आणि बाळानं चोखल्यानंच उतरतं. चीक पिळून टाकला आणि साखरपाणी, गाईचं दूध किंवा घुटी दिली की बाळ चोखत नाही, मग दूध खरंच कमी येतं आणि बोलणाऱ्यांचं खरं ठरतं. मध तर बोटाला लावूनही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातल्या जंतूंपासून अंग लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. सोन्यानं मध चाटवण्याचा संस्कार करायचाच असेल तर सोनं चिकात बुडवून ओठाला लावा, आजीचं मनही राहतं.

दूध पुरतंय का हे लंगोट सांगतात. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. वजन आधी थोडं उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत भरून येतं.

नाळेला हळद, तेल, राख, शेण, पावडर काही लावू नका. कोरडी ठेवा, लंगोट नाळेच्या खाली बांधा, ती आपोआप गळते. आंघोळ पहिल्या दिवशी नको. अंगावरचा पांढरा थर मळ नाही, तो ऊब धरतो. मालिशवाल्या बाईला आधीच सांगा: बाळाची छाती पिळायची नाही, नाकाकानांत तेल सोडायचं नाही, डोक्याला दाबून आकार द्यायचा नाही. मुलगा असो वा मुलगी, छाती थोडी फुगते ती आईच्या संप्रेरकांमुळे, दोन-तीन आठवड्यांत बसते. पिळलं की पू होतो.

दवाखान्यातून किमान 48 तास हलू नका. पाचवीची पूजा घरी व्हावी म्हणून लवकर सुट्टी मागतात. सटवाईची पूजा आठ दिवसांनी केली तरी चालते. रक्तस्राव मात्र पहिल्या दोन दिवसांत होतो.

बाळंतिणीची खोली

सव्वा महिन्याची विश्रांती फार चांगली गोष्ट आहे. बाईला काम नाही, बाळापाशी सर्दी-खोकल्याची माणसं नाहीत. तीन गोष्टी तेवढ्या सुधारायच्या.

पहिली, धूर. बाजेखाली शेगडी, ओवा-वेखंड-शेपांची धुरी, आणि दारं-खिडक्या बंद. कोळशाच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो, बंद खोलीत तो माणसाला झोपेतच गुदमरवतो, आणि बाळाची श्वासनळी तर गवताच्या काडीएवढी. शेगडी ओसरीवर ठेवा, कपडे-दुपटी तिथे गरम करून आत आणा. कमरेला शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी. बाळाला ऊब हवी तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण, कमी वजनाच्या बाळाला याहून चांगली धुरी नाही.

दुसरी, पाणी. ‘पाण्यानं पोट सुटतं, टाके पिकतात’ म्हणून दिवसभरात दोन पेले देतात. दूध पाण्यातूनच बनतं. ओव्याचं असो, कोमट असो, पण तांब्या भरून तिच्या हाताशी. प्रत्येक वेळी पाजताना एक पेला. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय. डिंकाचे, मेथीचे, अळीवाचे लाडू, बाजरीची भाकरी, लसूण, शेपू हे सगळं ठेवाच. अंगावर पाजताना पहिले सहा महिने तिला 600 उष्मांक जास्त लागतात, म्हणून लाडू हवाच. चूक होते ती मेथकूट-भात-तुपावर सव्वा महिना काढण्यात, भाजी-डाळ-फळ बंद करण्यात. पहिल्या दिवसापासून मुगाचं वरण, पालेभाजी आणि एक फळ सुरू करा.

तिसरी, उंबरठा. ‘सव्वा महिना बाहेर पाय टाकायचा नाही’ म्हणून टाके पिकले तरी बाई घरातच राहते. आशाताईंच्या घरभेटी यासाठीच आहेत: दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून उभी राहिली. सुवेर पाळणाऱ्या घरांनी आशाताईंना ओसरीवरून परत पाठवू नये. बाळाचे कपडे काढून वजन करू द्यावं, आईची जखम पाहू द्यावी. मात्र तासाला एकापेक्षा जास्त पॅड भिजतंय, स्रावाला घाण वास आहे, ताप आहे, एका पोटरीत दुखून सूज आहे, डोकं ठणकतंय, दम लागतोय, यातलं काहीही झालं तर उंबरठा त्याच क्षणी ओलांडा. बाळ पीत नसेल, थंड किंवा तापलेलं असेल, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तरी तसंच.

सिझर झालेल्या बाईचं पोट सहा आठवडे चोळू नका. पोट आवळून बांधल्यानं ते आत जात नाही, खालच्या स्नायूंवर भार मात्र पडतो.

मुलगी झाली तर

सासरहून कुणी पाहायला आलं नाही, की बाई समजून जाते. गोव्यात झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं या गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. म्हणून डोहाळे जेवणालाच ठरवा की काहीही झालं तरी नवरा तिसऱ्या दिवसाच्या आत येणार आणि पेढे वाटायचे ठरलेत तेवढेच वाटले जाणार. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या बीजावर ठरतं, हे सासूबाईंना मुलानंच सांगावं.

पहिल्या आठवड्यात रडू येणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळ निजलं तरी तिला झोप येत नसेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर आईनं एकांतात दोन प्रश्न विचारावेत. “गेल्या महिन्यात तुला सारखं उदास, हताश वाटतंय का?” आणि “कशातच मन लागत नाही, असं होतंय का?” एकालाही हो आलं तर डॉक्टरांना सांगा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी फोनसेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचं ती बोलली, भलतंसलतं ऐकू-दिसू लागलं, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे करण्यात गेलेला आठवडा फार महागात पडतो.

सासरी परतण्याआधी

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते, सासरच्या गावी नाही. मुदत 21 दिवस. बारसं व्हायचं असेल तर नावाविना नोंद करा, नाव वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. निघण्याआधी दाखला हातात घ्या, नाहीतर त्यासाठी पुन्हा फेरी पडते.

दीड महिन्याच्या लसी माहेरीच येतात, त्या टोचून कार्डावर नोंद करून घ्या. त्याच दिवशी तिची स्वतःची तपासणी, हिमोग्लोबिनसकट. उरलेल्या लोहाच्या गोळ्या पिशवीत.

आणि पाळणा लांबवण्याचं बोलणं परतण्याआधीच व्हायला हवं. ‘अंगावर पाजते तोवर दिवस जात नाहीत’ हे तीन अटी एकत्र असतील तेव्हाच खरं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध. एक अट तुटली की भरवसा संपला, आणि पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षं जाऊ द्या. तांबी बाळंतपणानंतर 48 तासांत बसवता येते, ते हुकलं तर सहा आठवड्यांनी. ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंगावर पाजणाऱ्या बाईला छाया चालते, अंतरा सहा आठवड्यांनंतर सुरू करतात. सरकारी केंद्रात सगळं मोफत मिळतं. यातलं काय हवं ते तिनं ठरवावं. नवऱ्यानं कंडोमची जबाबदारी घेतली तर तिच्या शरीरावर आणखी काही लादावं लागत नाही. घ्यायला तो येईल त्या दिवशी दोघांनी मिळून आरोग्य केंद्रात जाऊन यावं, मग गाडीत सामान चढवावं.